झाडीतल्या घराला डेक: जागेच्या नकाशापासून पूर्णत्वाच्या दाखल्यापर्यंत

घराला लागून, जमिनीपासून थोड्या उंचीवर, लाकडी फळ्यांचा उघडा ओटा म्हणजे डेक. दाट वस्तीतल्या सपाट जागेवर तो बांधणे हे मुख्यतः सुतारकाम असते. गावाबाहेर, झाडीत असलेल्या घराला तो बांधायचा झाला की सुतारकामाचा नंबर बराच मागे जातो आणि त्याआधी झाडांची मुळे, जमिनीचा उतार, सांडपाण्याची टाकी, विहीर, ओढा, हद्दीच्या खुणा आणि वणव्याचा धोका यांचा हिशेब मांडावा लागतो. नवखा माणूस बहुधा उलट्या क्रमाने निघतो: आधी डेकचे चित्र मनात पक्के होते, मग लाकडाची चौकशी होते आणि परवानगीचा विषय शेवटी निघतो. मीही तसाच निघालो होतो. माझा पहिला अर्ज परत आला तो डेकच्या बांधणीतील चुकीमुळे नव्हे. सांडपाणी जिरवण्याचे क्षेत्र नकाशात दाखवलेले नाही, एवढाच शेरा त्यावर होता. ते क्षेत्र शोधून कागदावर काढल्यानंतर लक्षात आले की माझे दोन खांब नेमके त्याच्यावर उभे राहणार होते. म्हणून या लेखाचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी जमीन, मग कार्यालय, मग आराखडा आणि सर्वांत शेवटी लाकूड.

पहिली पायरी: जागेचा नकाशा

चौकटीचा कागद घ्यावा आणि 1 सेंटिमीटरला 1 मीटर असे प्रमाण धरून घर व त्याच्या भोवतालची जमीन काढावी. हद्द मोजणीच्या नकाशावरून आणि जमिनीत रोवलेल्या खुणांवरूनच घ्यावी, कुंपणावरून घेऊ नये. झाडीतील तारेचे कुंपण घालणाऱ्याने ज्या झाडाला तार ठोकणे सोयीचे वाटले त्या झाडाकडे वळवलेले असते, आणि ते हद्दीच्या आत आहे की बाहेर हे अनेकदा दोन्हीकडच्या मालकांनाही ठाऊक नसते. हद्दीपासून किती अंतर सोडायचे हा नियम मीटरमध्ये सांगितलेला असल्यामुळे इथे झालेली चूक पुढच्या सर्व कागदांत उतरते. जमिनीवर कोणाच्या वाटेचा, वीजवाहिनीचा किंवा जलवाहिनीचा हक्क नोंदलेला असल्यास तो पट्टाही नकाशात दाखवावा, कारण त्यावर कायमचे बांधकाम सहसा चालत नाही.

त्यानंतर जमिनीखालच्या गोष्टी काढाव्यात. सेप्टिक टँकचे झाकण, तिच्यातून निघणारा पाइप, सांडपाणी जिरवण्याचे चर आणि भविष्यासाठी राखलेली पर्यायी जागा असल्यास तीही नकाशावर आली पाहिजे. या क्षेत्रावर डेक का नको, हे समजून घेतले तर कार्यालयाशी हुज्जत घालण्याची वेळ येत नाही. खांबाचा खड्डा खणताना पाइप फुटू शकतो, बांधकामाच्या वाहनांनी माती दाबली जाऊन तिची पाणी शोषण्याची क्षमता घटते आणि टाकी उपसायची वेळ आली की झाकण फळ्यांखाली सापडते. विहीर किंवा कूपनलिका असल्यास दुरुस्तीचे यंत्र तिथवर पोहोचेल एवढी मोकळी वाट ठेवावी. डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या ताराही विसरू नयेत, कारण डेकवर उभा असलेला माणूस जमिनीवरच्या माणसापेक्षा तारेच्या जवळ असतो.

उतार मोजण्यासाठी भारी उपकरण लागत नाही. घराच्या भिंतीशी दोरी बांधावी, ती पाणसळीने आडवी करून दूरच्या खुंटीपर्यंत ताणावी आणि दर मीटरला दोरीपासून जमीन किती खाली आहे हे लिहून ठेवावे. हे आकडे पुढे प्रत्येक खांबाची उंची सांगतात. एकदा जोरदार पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाहेर उभे राहावे आणि पाणी कुठून येते व कुठे साचते हे डोळ्यांनी पाहून नकाशावर बाणांनी दाखवावे. ओढा, झरा किंवा पाणथळ जागा जवळ असल्यास तिच्या काठापासूनचे अंतर मोजून लिहावे. अशा काठांना बहुतेक ठिकाणी वेगळे संरक्षण असते.

दुसरी पायरी: झाडांची नोंद

झाडांसाठी वेगळी पायरी ठेवली आहे, कारण या कामातील भरून न येणारे नुकसान बहुधा इथेच होते. झाडाची मुळे फांद्यांच्या विस्तारासारखीच, किंबहुना त्याहूनही दूर पसरलेली असतात आणि त्यांतील बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या 60 सेंटिमीटरच्या थरात असतात. बांधकामाच्या वेळी झाडाभोवती किती क्षेत्र जपावे यासाठी ब्रिटनमधील मानक क्रमांक 5837 एक सोपा हिशेब देते, तो कुठेही उपयोगी पडतो: जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर बुंध्याचा व्यास मोजावा, त्याला 12 ने गुणावे आणि तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ झाडाभोवती काढावे. बुंधा 40 सेंटिमीटर जाड असेल तर त्रिज्या 4.8 मीटर येते. घराच्या आसपास अशी पाच-सहा झाडे असली की वर्तुळे एकमेकांत गुंततात आणि नकाशावर मोकळी जागा फारशी उरत नाही. यावर घाबरून जाऊ नये. या वर्तुळात डेक बांधायचाच नाही असे नाही; तिथे माती खरवडणे, भराव टाकणे, गाडी उभी करणे, विटा-वाळूचे ढीग रचणे आणि सिमेंटचे पाणी ओतणे टाळायचे असते. सुट्या खांबांवर उभा राहणारा डेक या दृष्टीने सलग पायाच्या बांधकामापेक्षा झाडांना पुष्कळच सोसणारा असतो.

वर्तुळाच्या आत खड्डे हातानेच खणावेत. माझ्या डेकचा तिसरा खड्डा खणताना अर्ध्या हाताच्या खोलीवर पहार अडकली. माती खुरप्याने बाजूला केली तेव्हा मनगटाएवढे जाड मूळ खड्ड्याच्या मधोमध आडवे गेलेले दिसले. पहारीने त्याची साल एका जागी सोलली गेली होती आणि आतला ओला, पांढरा भाग उघडा पडला होता. खड्डा तसाच बुजवला आणि खांब तुळईच्या दिशेने 40 सेंटिमीटर सरकवला. तुळई आधीच थोडी वरच्या मापाची धरली असल्यामुळे वाढलेले अंतर तिला पेलले, तरी सुधारित नकाशा कार्यालयात दाखवून त्यावर सही घ्यावीच लागली. साधारणतः 25 मिलिमीटरपेक्षा जाड मूळ जाणकाराला विचारल्याशिवाय तोडू नये, आणि बारीक मूळ तोडावेच लागले तर ते फावड्याने न फाडता धारदार करवतीने सरळ कापावे.

डेकच्या जागेत येणारे झाड फळ्यांच्या मधून वर जाऊ द्यावे, अशी कल्पना अनेकांना मोहात पाडते. ती वाईट नाही, मात्र बुंध्याभोवती चारही बाजूंनी कड्यांची, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या आधार-लाकडांची, स्वतंत्र चौकट करावी लागते, बुंधा जाड होण्यासाठी आणि वाऱ्यात डोलण्यासाठी मोकळी फट ठेवावी लागते आणि ती फट दर काही वर्षांनी वाढवावी लागते. डेक झाडालाच बोल्टने जोडण्याचा विचार नवख्याने करू नये, कारण स्थिर घर आणि हलते झाड या दोघांना एकाच सांगाड्यात बांधले की प्रत्येक वादळात सांधे ओढले जातात. वर लोंबणाऱ्या वाळक्या फांद्या, बुंध्यावरील बुरशीच्या टोप्या, पोकळ आवाज आणि एका बाजूने उचललेली माती या खुणा दिसल्या तर झाडांच्या तज्ज्ञाला आधी बोलवावे. झाड तोडण्यासाठी वेगळी परवानगी लागू शकते आणि पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात ती मिळणे अवघड होते, हेही वेळापत्रकात धरावे.

तिसरी पायरी: कार्यालयातील पहिली भेट

एवढा नकाशा हातात आल्यावर, पण लाकडाला एक पैसाही देण्यापूर्वी, बांधकाम परवाना देणाऱ्या कार्यालयात जावे. तिथे परवाना लागतो का, एवढेच विचारून परतणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे मिळाले तरी बाकीचे नियम जिवंतच असतात. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या निवासी संहितेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. डेकचे क्षेत्रफळ 200 चौरस फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे 18.6 चौरस मीटरपेक्षा, जास्त नसेल, तो कुठेही जमिनीपासून 30 इंचांहून, म्हणजे सुमारे 76 सेंटिमीटरहून, उंच नसेल, घराला जोडलेला नसेल आणि घरातून बाहेर पडण्याच्या अनिवार्य दारासमोर येत नसेल, तर ती संहिता त्याला परवान्यातून सूट देते. या चारही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत, आणि सूट मिळाली तरी हद्दीपासूनचे अंतर, पाणथळ जागेचे संरक्षण आणि सांडपाण्याचे नियम लागू राहतातच. उताराच्या जागेवर तर उंचीची अट पहिल्याच झटक्यात मोडते, कारण दाराशी 40 सेंटिमीटर उंच असलेला डेक चार मीटर पुढे गेल्यावर सहज दीड मीटर उंच होतो.

म्हणून विचारायचे ते असे: या जमिनीवर हद्दीपासून, पाण्यापासून आणि सांडपाण्याच्या क्षेत्रापासून किती अंतर सोडावे लागेल, डेक जमिनीवरील बांधकामाच्या मर्यादेत मोजला जातो का, वणव्याच्या धोक्याचा विभाग इथे लागू आहे का, आरोग्य, वन किंवा अग्निशमन विभागाची वेगळी संमती लागते का, आणि आराखड्यावर अभियंत्याची सही हवी का. उत्तर देणाऱ्याचे पद आणि तारीख वहीत लिहून ठेवावी आणि महत्त्वाचे उत्तर शक्यतो लेखी मागावे. गुळगुळीत कागदावरील सुंदर चित्रापेक्षा मापे घातलेला साधा नकाशा पाहून समोरचा माणूस अधिक मोकळेपणाने बोलतो, असा माझा अनुभव आहे.

चौथी पायरी: भाराचा हिशेब आणि आराखडा

डेकवर चार खुर्च्या आणि एक टेबल येणार, मग भार तो किती, असे वाटते. पण डेक कोसळतात ते तिथे माणसांची गर्दी झाल्यावर. वर उल्लेखलेली संहिता माणसे आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला सुमारे 195 किलो भार धरते आणि डेकच्या स्वतःच्या वजनासाठी साधारण 50 किलो वेगळे धरले जातात. समजा, डेक घराच्या भिंतीलगत 5 मीटर लांब आणि बाहेर 4 मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ 20 चौरस मीटर, एकूण भार सुमारे 4,900 किलो. कड्यांचे एक टोक भिंतीवर आणि दुसरे बाहेरच्या तुळईवर असेल तर निम्मा भार, म्हणजे 2,450 किलो, तुळईवर येतो. तुळईखाली तीन खांब समान अंतरावर असतील तर ढोबळ मानाने मधल्या खांबावर त्याचा अर्धा, 1,225 किलो, आणि कडेच्या प्रत्येकी खांबावर पाव हिस्सा येतो. एकसंध तुळईत मधल्या खांबाचा वाटा याहून वाढून सुमारे 1,530 किलोपर्यंत जातो. जमिनीची भार सोसण्याची क्षमता चौरस मीटरला 7,300 किलो धरली तर मधल्या खांबाखालचा काँक्रीटचा ठोकळा साधारण 46 सेंटिमीटर चौरस असावा लागतो. पालापाचोळा कुजून झालेली मऊ काळी माती एवढा भार सोसत नाही, त्यामुळे तो थर पूर्ण काढून खालच्या घट्ट मातीवरच ठोकळा बसवावा. भरावाच्या मातीवर तो कधीही बसवू नये. हिवाळ्यात जमीन गोठणाऱ्या प्रदेशात मातीत बर्फाचे थर साचून ती वर उचलली जाते, म्हणून तिथे ठोकळ्याचा तळ गोठण्याच्या खोलीपेक्षा खाली न्यावा लागतो. ती खोली कार्यालय सांगते.

सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते घराच्या भिंतीला जोडलेल्या आडव्या फळीकडे, जिला लेजर म्हणतात. डेक कोसळण्याच्या घटनांत हा सांधा वारंवार कारणीभूत आढळतो. नुसत्या खिळ्यांवर टांगलेली लेजर भिंतीपासून उपटून निघू शकते. ती बोल्टने किंवा त्यासाठीच बनवलेल्या जाड स्क्रूने घराच्या मूळ सांगाड्याला जोडावी लागते, आणि तिच्यामागे पाणी शिरू नये म्हणून वरून पत्र्याची किंवा जलरोधक पडद्याची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, भिंतीच्या आवरणाखाली सरकवावी लागते. आवरण काढल्यावर आतल्या लाकडाला आर टोचून पाहावी. आमच्याकडे बाहेरून खणखणीत दिसणाऱ्या भिंतीत, दाराच्या उजव्या कोपऱ्यात, ती मुठीपर्यंत आत गेली आणि बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला ओला भुसा लागला होता. अशा भिंतीवर लेजर बसवण्यात अर्थ नसतो. जुन्या घराला, ओंडक्यांच्या भिंतींना किंवा भिंतीच्या आतले नीट कळत नसेल तेव्हा घरापासून थोडा अलग, स्वतःच्याच खांबांवर उभा राहणारा डेक मी अधिक पसंत करतो. त्याला दोन खांब आणि एक तुळई जास्त लागते आणि तो आडवा डुलू नये म्हणून तिरपे आधार द्यावे लागतात, पण घराची भिंत त्यात गुंतत नाही.

कठड्याबाबत थोडक्यात सांगायचे तर, त्याच संहितेनुसार 76 सेंटिमीटरहून उंच डेकला किमान 91 सेंटिमीटर उंच कठडा लागतो आणि त्याच्या गजांमधून 10 सेंटिमीटरचा चेंडू पार जाता कामा नये. काही ठिकाणी कठड्याची उंची याहून अधिक मागतात. जिन्याच्या सर्व पायऱ्यांची उंची सारखी ठेवावी, कारण एखादी पायरी जरी वेगळी झाली तरी तिथे माणूस अडखळतो.

पाचवी पायरी: ओल आणि आग

झाडीत डेकला दोन विरुद्ध शत्रू असतात. सावलीत लाकूड लवकर वाळत नाही, फळ्यांवर शेवाळे धरते आणि फटींत पाचोळा कुजतो. त्यामुळे फळ्यांमध्ये 3 ते 6 मिलिमीटर फट, खाली वाऱ्याला वाव आणि खांबाचे टोक जमिनीत न पुरता धातूच्या बैठकीवर उचललेले असणे गरजेचे आहे. जमिनीलगतच्या भागांसाठी संरक्षक द्रव्य दाबाने मुरवलेले लाकूड वापरतात. त्यातील तांबे साध्या लोखंडाला लवकर खाते, म्हणून खिळे, स्क्रू, बोल्ट आणि जोडपट्ट्या गरम जस्ताचा जाड लेप दिलेल्या किंवा स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात, आणि अॅल्युमिनियमचा पत्रा अशा लाकडाला थेट टेकू देऊ नये. या लाकडाचे तुकडे शेकोटीत जाळू नयेत, कारण धूर आणि राख दोन्ही विषारी असतात.

कोरड्या हंगामात तोच डेक आगीचा पूल बनू शकतो. वणव्याची ज्योत घरापर्यंत पोहोचण्याआधीच वाऱ्याबरोबर उडालेले निखारे फळ्यांच्या फटींत आणि डेकखालच्या पाचोळ्यात पडतात, आणि तिथून आग भिंतीला लागते. म्हणून घरापासून पहिल्या दीड मीटरच्या पट्ट्यात जळण्यासारखे शक्यतो काही ठेवू नये, डेकखाली सरपण किंवा जुने सामान रचू नये, तिथे खडी पसरावी आणि कडेला बारीक धातूची जाळी लावावी. धोक्याच्या विभागात डेकच्या फळ्यांना ज्वलनरोधक प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते, तेव्हा लाकूड निवडण्याआधी कार्यालयाकडून चालणाऱ्या फळ्यांची यादी विचारून घ्यावी.

सहावी पायरी: अर्ज, आखणी आणि तपासण्या

अर्जाला सहसा चार चित्रे पुरतात: जागेचा नकाशा, वरून दिसणारा सांगाड्याचा आराखडा, पायापासून कठड्यापर्यंतचा उभा छेद आणि लेजरच्या सांध्याचे मोठे चित्र. प्रत्येकावर मापे, लाकडाचा आकार व प्रकार, कड्यांमधील अंतर आणि बोल्टची जाडी लिहिलेली असावी. त्रुटीचा शेरा आला तर त्यावर रागावण्याऐवजी प्रत्येक शेऱ्याला क्रमांक देऊन उत्तर द्यावे आणि बदललेला भाग नकाशावर गोलाने दाखवावा. त्यामुळे तपासणाऱ्याला संपूर्ण संच पुन्हा वाचावा लागत नाही.

मंजुरी मिळाल्यावर खुंट्या ठोकून दोरीने आखणी करावी. कोपरा काटकोनात आहे का हे पाहण्यासाठी एका बाजूवर 3 मीटर आणि दुसऱ्या बाजूवर 4 मीटर मोजावेत. त्या दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर 5 मीटर भरले पाहिजे. आपल्या उदाहरणातील 5 बाय 4 मीटरच्या डेकचे दोन्ही कर्ण सुमारे 6.40 मीटर भरतील. खणण्यापूर्वी जमिनीखालील वाहिन्यांची खूण संबंधित यंत्रणेकडून करून घ्यावी.

तपासण्या बहुधा तीन टप्प्यांत होतात. पहिली तपासणी खड्डे खणल्यानंतर आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी होते, आणि नवखे नेमके इथेच घाई करतात. काँक्रीट ओतल्यावर खाली घट्ट माती होती की कुजलेला पाला, हे कोणालाही दिसत नाही, आणि मग ठोकळा फोडून दाखवण्याची वेळ येते. तपासनीस येईपर्यंत पाऊस पडला तर खड्डे झाकून ठेवावेत आणि साचलेले पाणी व सैल गाळ उपसून टाकावा. दुसरी तपासणी सांगाडा उभा राहिल्यावर, फळ्या ठोकण्यापूर्वी होते; बोल्ट, जोडपट्ट्या आणि फ्लॅशिंग तेव्हा उघडे दिसले पाहिजेत. तिसरी तपासणी कठडा आणि जिना पूर्ण झाल्यावर होते. मंजूर नकाशाची प्रत या तिन्ही वेळी जागेवर हवी. काम करताना काही बदलले असेल, जसा माझा तिसरा खांब बदलला, तर तपासनिसाने ते शोधून काढण्यापूर्वी आपणच दाखवावे.

शेवटच्या तपासणीनंतर पूर्णत्वाचा दाखला मागून घ्यावा. घर विकताना किंवा विम्याचा दावा करताना तो विचारला जातो. त्याच्यासोबत मंजूर नकाशे, लाकडाच्या पावत्या आणि प्रत्येक खड्ड्यात मोजपट्टी उभी धरून काढलेली छायाचित्रे एकाच फाइलमध्ये ठेवावीत. पहिल्या वर्षी लाकूड वाळून आकसते, तेव्हा सहा महिन्यांनी पाना घेऊन सर्व बोल्ट एकदा आवळावेत आणि लेजर व पहिली फळी यांच्यामधील फटीत अडकलेला पाला सपाट पट्टीने काढून टाकावा.